चुकण्याचा तास

नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर मी अमरावतीच्या कॉलेजात बी.ए.ला बसते. अक्षरं उशिरा आली, पण तोवर लाज निघून गेली होती. काही कळलं नाही की हात वर करते. पोरं हसतात, मीही हसते.

माझ्या बाकावर चंदा बेठेकर बसते. मेळघाटातली, कोरकू. पहिल्याच दिवशी ती उत्तर द्यायला उभी राहिली आणि तिच्या बोलण्याच्या हेलावर वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं कुंदन हसला. तेव्हापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. डबा खाताना मात्र तिचं तोंड थांबत नसे. त्यांच्यात लग्नाचं देणंघेणं कसं उलटं चालतं, हे तिनं माझ्या डब्यातली वांगी संपवता संपवता मला सांगितलं होतं.

शनिवारी तोंडी परीक्षा होती. चंदानं पिशवी भरून ठेवली. परीक्षेआधीच परतवाड्याची बस धरायची आणि पुन्हा यायचं नाही, असं तिचं ठरलं. मी समजावून पाहिलं. ती म्हणाली, कोरकूत विचारा, तासभर बोलते.

शुक्रवारी शेखर सर लग्नाच्या चालीरीती शिकवत होते. मी हात वर केला.

"सर, कोरकूंचं आपल्यासारखंच असते. पोरीचा बापच हुंडा देते."

सर पुस्तक चाळू लागले. तेवढ्यात माझा बाक हलला.

"नाही सर." चंदा उभी होती. "आमच्यात पोराकडचे देतात. त्यांच्याजवळ नसलं तर पोरगा सासऱ्याच्या घरी राहून शेतात राबतो."

वर्गानं वळून कुंदनकडे पाहिलं. घरी पाण्याचा गिलासही न उचलणारा गडी तो. त्यानं हळूच विचारलं, किती दिवस राबावं लागतं.

"पोरगा कसा आहे त्यावर," चंदा म्हणाली. "तुले तर म्हातारा करून सोडतील."

आता हसू कुंदनच्या वाट्याला आलं. सरही हसले. मग म्हणाले, उद्या तू आधी कोरकूत सांग, मग मराठीत. आमच्याही कानांना सवय होऊ दे.

संध्याकाळी हॉस्टेलवर चंदा पिशवी रिकामी करत होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"आजी, परवाच तर सांगितलं होतं तुमाले."

"म्हातारीचं डोकं, बाई. राहते काय त्याच्यात काही?"

तिनं माझ्या हातातली घडी काढून घेतली.

"मग पुढच्या तासाले काय चुकणार आहे," ती म्हणाली, "ते आजच सांगून ठेवा."