थोरलीचा होकार

शाळेचे गणवेश शिवायच्या त्या दुकानात बाईंनी खडूची रेघ मारल्याशिवाय कात्री चालत नसे. जुना कारागीर असो, पोटचा मुलगा असो नाहीतर सून, कापड पसरायचं आणि बाईंची वाट बघायची. म्हणून आमचं कापड कधी वाया गेलं नाही, हे बाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. थोरल्या सुनेच्या तोंडून ‘मला वाटतं’ असं कोणी कधी ऐकलं नव्हतं, हे मात्र बाईंना ऐकवायची कोणाची छाती नव्हती.

थोरलीला रक्ताचा कॅन्सर झाला, तोही झपाट्याने वाढणारा. पहिल्या औषधांनी गेला आणि घर हुश्श करतंय तोवर परत आला. आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे, त्यात हिला घेता येईल.

“घ्या की! विचारता काय?” बाई म्हणाल्या.

“आजी, मी यांना विचारतेय.”

“आजी मी माझ्या नातवंडांची. तुम्ही बाई म्हणा. आणि तिला विचारलं काय, मला विचारलं काय, एकच.”

डॉक्टरीणबाईंनी आवाज न चढवता समजावलं. सगळ्यांना नेहमीची औषधं मिळणारच, नवी गोळी मात्र त्यांतल्या निम्म्यांनाच. कोणाला, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणक ठरवणार.

“हिला गोळीवाल्यांत घाला.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग ज्याच्या हातात आहे त्याला बोलवा. मी बोलते.”

मास्कच्या वर थोरलीचे डोळे हसले आणि लगेच खाली गेले.

“गोळीचा त्रास होऊ शकतो,” डॉक्टरीणबाई थोरलीकडे बघत म्हणाल्या. “हाडात सुई घालून आतला मगज पुन्हा पुन्हा तपासावा लागेल. चालेल?”

“चालेल,” बाई म्हणाल्या.

“नको वाटलं तर मध्येच सोडता येईल. बाकीचे उपचार थांबणार नाहीत.”

“सोडतेय कशाला! आमच्यात हातातलं काम कोणी अर्धवट टाकत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. “तुम्ही सांगा,” त्या थोरलीला म्हणाल्या.

“बाई म्हणतील तसं.”

“मग मला तुम्हाला चाचणीत घेता येणार नाही. सुई तुमच्या हाडात जाणार, होकार तुमचाच हवा. बाहेर बसा, विचार करा आणि मग एकट्याच आत या.”

बाहेरच्या बाकावर बाई कढईतल्या तेलासारख्या तापल्या होत्या. “तोंडाला कुलूप होतं का गं? चांगली चालून आलेली गोष्ट घालवतेस!”

“तुम्ही हो म्हणालात ना? मग माझं काय राहिलं?”

“आणि मी नाही म्हटलं असतं तर?”

“तर घरी गेलो असतो.”

थोरली असं म्हणाली, जणू कोणी दोऱ्याचा रंग विचारला होता. बाई तिच्याकडे वळल्या. आपल्या एका शब्दावर ही पोर मरणाच्या दारातही मुकाट जाऊन उभी राहील! उभ्या जन्मात त्यांना स्वतःच्या दराऱ्याची भीती वाटली नव्हती, ती आज वाटली.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “हे कापड तुझं आहे. रेघ तू मार. मी खडूला हात लावत नाही.”

थोरली नखाशी चाळा करू लागली. “खरं सांगू? रागवाल.”

“रागवेन. तरी सांग.”

“सुईची भीती नाही वाटत. गोळी माझ्या वाट्याला नाही आली तर तुम्ही इथे सगळ्यांशी भांडाल, त्याची वाटते. मला इथे मान खाली घालून यायचं नाहीये.”

बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, “नाही भांडणार.”

“संगणकाशीसुद्धा?”

“जा आत! फार जीभ चालायला लागली.”

थोरली उठली. दारावर हात ठेवून, मागे न बघता आत गेली. दाराच्या काचेतून बाईंना ती दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. ती बोलत होती. हात हलवून बोलत होती! डॉक्टरीणबाई मान डोलावत होत्या, मग दोघी हसल्या. एवढं काय बोलतेय ही? बाईंनी काचेला नाक लावलं तसं नर्सने त्यांना बाकाकडे बोट दाखवलं. आणि बाई, दुकानात ज्यांच्यापुढे गिऱ्हाईकसुद्धा उभं राही, त्या मुकाट जाऊन बसल्या.

थोरली बाहेर आली ती ताठ. “केली सही. गोळी मिळो न मिळो, मी चाचणीत आहे. अंगाला झेपलं नाही तर सोडेन, तेही सांगून ठेवलंय.”

‘सोडेन’ हा शब्द बाईंना टोचला. त्यांनी तो गिळला.

“आणि तपासणीला हे येतील माझ्याबरोबर. तुम्ही नाही.”

“मी का नाही?”

“शाळा उघडायला आल्यात. कारागिरांना कोण बघणार? शिवाय तुम्ही असलात की माझ्या वाटची उत्तरं देता.”

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. केस गेलेले, अंगावरचे कपडे ढगळ झालेले, आणि आवाज मात्र थेट दुकानाच्या मालकिणीचा. कोणाचं बघून शिकली, ते काय विचारायला हवं होतं!

“चल,” बाई म्हणाल्या.

“थांबा. आधी पाणी पिते.”

बाई थांबल्या.