धाकटी थांबली तेव्हा

मी टकटक बोलतोय. अजून धक्क्यातून सावरलेलो नाही, तेव्हा शब्द पुढेमागे झाले तर सांभाळून घ्या.

दुर्बिणी बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं आणि वेधशाळेच्या तळघरात आणून बसवलं. मला दोन चौकटी आहेत आणि बघायला एकच भिंग. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, वेगवेगळ्या वेळी काचेवर घेतलेले दोन फोटो चौकटींत ठेवायचे आणि माझी दांडी हलवायची. टक, डावी काच दिसते. टक, उजवी. बहुतेक तारे तसेच राहतात. ज्याचं तेज बदललंय त्याचा ठिपका (काचेवर तारे काळे उमटतात) मात्र लहानमोठा होतो, डोळा मिचकावल्यासारखा. या आवाजावरूनच माझं नाव पडलं.

माझ्यासमोर बसायच्या त्या बाई. वेधशाळेत सगळे त्यांना बाईच म्हणत. वर दुर्बिणीवर फोटो घ्यायचे त्यांचे यजमान. नवऱ्याने काचा आणायच्या, बायकोने तपासायच्या. अबोला असला तरी काचा वेळेवर यायच्या. फक्त त्या दिवशी टेबलावर जरा जोरात ठेवल्या जायच्या.

दोघांनी उभी हयात घालवली ती एका गोलाकार तारकागुच्छावर. काचेवर तो दिसायचा सांडलेल्या मोहरीसारखा, मध्ये दाट, कडेला विरळ. लाखो म्हातारे तारे. त्यातले काही अर्ध्याएक दिवसात फुगतात, आक्रसतात, उजळतात, मंदावतात. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात, आणि त्यांच्यावरून गुच्छ किती लांब आहे ते काढता येतं. कडेच्या अशाच एका तारकेला बाई ‘धाकटी’ म्हणायच्या. घरी दोन मुली होत्याच, ही तिसरी. कामाला बसल्या की आधी तिची विचारपूस.

एका सकाळी नव्या काचा आल्या. टक. टक. धाकटी मिचकावली नाही.

बाईंनी काचा काढून पुन्हा बसवल्या. भिंग पुसलं. माझ्या दांडीचा स्क्रू आवळला. मला तर धस्सच झालं, वाटलं आपलंच काही बिघडलं. पुढच्या आठवड्यात आणखी काचा आल्या. धाकटी ढिम्म.

बाईंनी यजमानांना सांगितलं, तर ते दुखावलेच. “माझ्या काचेत आजवर खोट निघाली नाही,” म्हणाले, “तू एकदा डोळे तपासून घे.” बाई तपासून आल्या. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला म्हणून सांगितलं.

खाली येऊन त्यांनी माझ्यावर कापड टाकलं. “हे काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्या,” एवढंच यजमानांना म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. ज्या डोळ्यांवर सगळी वेधशाळा विसंबून होती, ते डोळे एका वाक्यात रिटायर झाले.

यजमान कापड काढून स्वतः बसले. धाकटी मिचकावतेय हे डोळ्यांनी बघून बायकोची समजूत घालायची, असा त्यांचा बेत असावा. त्यांनी दांडी धसमुसळेपणाने ओढली. शेजारचे दोन-तीन रूपविकारी तारे चांगले मिचकावले. म्हणजे काचा ठीक होत्या. धाकटी मात्र तशीच. त्यांनी कपाटातून जुन्या काचा काढल्या. त्यांत ती नाचत होती. पुन्हा नव्या लावल्या. स्तब्ध.

ते दांडी सोडून थेट भिंतीवरच्या फोनकडे गेले.

“अगं, ये. तुझे डोळे बरोबर होते.” मग म्हणाले, “काचाही बरोबर आहेत.”

बाई आल्या, डाव्या डोळ्याने पाहिलं. “अहो, म्हणजे तीच थांबली?”

त्यांनी मान डोलावली. तारे म्हातारे होतात, बदलतात, पण त्याला युगं लागतात. माणसाच्या हयातीत, आपल्या देखत असं काही घडेल हे दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

मग बाई अगदी हळू म्हणाल्या, “तिचा उजेड इथे यायला हजारो वर्षं लागतात. म्हणजे आपण तिला बघायला लागलो, तेव्हा ती थांबलेलीच होती.”

यजमान मटकन खाली बसले. मीही बसलो असतो, बसता आलं असतं तर. आम्ही तिघांनी एवढी वर्षं तिची धडधड मोजली आणि ती केव्हाच बंद पडली होती.

पुढे बाईंचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या वेधशाळांनी कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याने पाहिलं. त्यांचंही म्हणणं तेच पडलं. काचा बनवणारा कारखाना आता बंद झालाय. मी कोपऱ्यात असतो. यजमानांनी कोऱ्या काचांची एक पेटी मात्र जपून ठेवली आहे. बाईंनी विचारलं, कशाला. ते म्हणाले, “चालू झाली तर?”

झालीही असेल. बातमी वाटेत असेल. तोवर माझ्या दांडीत तेवढं तेल घालत जा.