मोजायचे म्हणजे मारायचे

सकाळी सातपासून सेवरिन बोशू खुर्चीतून उठली नव्हती. न्याहारीचा क्रोसाँ कागदात तसाच वाळत पडला होता. प्रयोगशाळेतल्या समोरच्या चुंबकी सापळ्यात प्रतिहायड्रोजनचे, म्हणजे साध्या हायड्रोजनच्या उलट्या जुळ्याचे, हजारभर अणू कोंडलेले, आणि लेसर मारून मारून ती त्यांची धावपळ कमी करत होती, म्हणजेच त्यांना थंड करत होती. आठ तास झाले की सापळा हळूहळू उघडायचा. किती थंड झाले ते तेव्हाच कळणार, कारण हे अणू बाहेर सुटून साध्या पदार्थाच्या भिंतीला लागले की ठिणगीसारखे दिसून खलास. मोजायचे म्हणजे मारायचेच. उद्यापासून हे अणू बनवणारं यंत्र दुरुस्तीसाठी दीड वर्ष बंद, आणि तिची नोकरी मार्चपर्यंतच. हा एकच डाव उरला होता.

दोन वाजता प्रोफेसर लूटोल्ड पाहुण्यांचा घोळका घेऊन आले.

"सेवरिन, यांना दाखव गं काहीतरी!"

"तासभर थांबा सर, मग दाखवते."

"तासभर? अगं, यांची गाडी खाली उभी आहे!"

आणि त्या शहाण्यानं तिच्या खांद्यावरून हात घालून सापळा एकदम उघडायचं बटण दाबलं. पडद्यावर ठिपके तडतडले, लाह्या फुटाव्यात तसे. मग सगळं शांत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सेवरिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळ्या! सात तासांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं, आणि वर टाळ्या!

पाहुण्यांना पोचवून प्रोफेसर हसत परतले. "रागावलीस? नोंदवहीत लिहून टाक, चुंबक आपोआप बंद पडलं. चुंबक काय बोलणार आहे?"

"चुंबक नाही बोलणार. मी बोलेन."

तिनं लिहिलं: 'दोन वाजून बारा मिनिटं. पाहुण्यांना दाखवायला प्रोफेसर लूटोल्ड यांनी सापळा उघडला. सगळे अणू गेले.'

"खोड ते!"

"इथं खोडत नाहीत. चूक असेल तर खाली लिहायचं आणि सही करायची. पहिल्याच दिवशी तुम्हीच बजावलं होतंत." तिनं पेन पुढं केलं. "लिहा ना, मी उघडला नाही म्हणून. करा सही!"

प्रोफेसरांनी पेन घेतलं, पण कागदाला लावलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "मार्चनंतर शिफारसपत्र लागेल ना तुला?"

"लागेल. तुमचं नको."

ते पेन टाकून निघून गेले. सेवरिननं ते उचललं, नोंदीखाली आपली सही ठोकली आणि वाळका क्रोसाँ तोंडात कोंबला. तो गिळता गिळता तिला रडू फुटलं.