दारातली गोधडी

डॉक्टरीण सुया टोचायला असते, एवढंच ठकूबाईला ठाऊक. नात हर्षाली पाच वर्षांची झाली, लस द्यायची होती, म्हणून पिंपरी पेंढारहून एसटीनं तिला आळेफाट्याच्या दवाखान्यात आणलेली. पण ही नवी डॉक्टरीणबाई वजन-उंची झाली तरी सुईला हात लावीना. येईल त्या पोराला विचारायची, तेच हिलाही विचारत बसली. झोप लागते का? भीती कशाची वाटते?

"बिबट्याची..." हर्षालीनं तोंड उघडलं.

"भीती अन् आमच्या घरात?" ठकूबाईनं तिला पुढं बोलूच दिलं नाही. "वाघाचं काळीज हाय पोरीचं."

"अंथरूण ओलं होतं का?"

"छ्या! असली थेरं आमच्याकडं न्हाईत."

डॉक्टरीणबाईनं पोरीकडं पाहिलं. पोरीनं आजीकडं पाहिलं, आणि मान हलवली. न्हाई.

सुई टोचली. पोर रडली नाही.

फाट्यावर ठकूबाईनं तिला पेरू घेऊन दिला. तो तसाच हातात धरून पोर म्हणाली, "आजी, आता गोधडी मागं परसात वाळत घालशील?"

"का गं?"

"दारात दिसली तर डॉक्टरीणबाईंना कळंल, तू खोटं बोललीस."

ठकूबाई जागच्या जागी उभी राहिली. चार महिने ती ओली गोधडी मुद्दाम रस्त्याकडच्या कुंपणावर टाकत होती. शाळेला जाणारी पोरं नाक धरून हसायची. लाजंल तेव्हा सुधरंल, असं सुनेला ठणकावून सांगायची. आणि आज तिची स्वतःची लाज राखायची वेळ आली, ती राखली या एवढ्याशा पोरीनं.

ती पोरीला घेऊन दवाखान्यात माघारी फिरली. आत गावातलीच कुशाबाई नातवाला घेऊन बसलेली. एरवी ठकूबाई उंबऱ्यातनंच परतली असती.

"आजी, यांचं झालं की बोलू," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"हिच्या देखतच बोलते. गोधडी हिनं रोज बघितलीया." ठकूबाई घसा खाकरून म्हणाली, "पोर अंथरूण ओलं करती. मघाशी मी खोटं बोलले."

कुशाबाई हसली नाही. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आमचा बी करतो, ठकूबाई. मी मागं वाळत घालते."

ठकूबाईला वर बघवेना. डॉक्टरीणबाईनं स्टूल पुढं ओढलं. "हर्षाली, भीती कशाची वाटते म्हणालीस?"

पोर पुन्हा आजीकडं बघू लागली.

"सांग," ठकूबाई म्हणाली. "रडलीस की बिबट्याला देईन, असं कोण म्हणतं, ते बी सांग."