जानव्यातली किल्ली

तलासरीजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात वासुदेव कंपाउंडर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. डॉक्टर डहाणूहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. उरलेले पाच दिवस नानाच डॉक्टर. सापाच्या औषधाचं कपाट त्यांच्या ताब्यात आणि त्याची किल्ली जानव्याला. आंघोळीलाही ती अंगावरून उतरत नसे. साप चावलेला माणूस आला की नाना आधी सगळ्यांकडे पाठ करत आणि मगच कुपी उघडत. मागं उभ्या नर्सला दिसायचा तो नुसता त्यांचा सदरा.

नर्स सरला चिंचणीची, चुणचुणीत पोर. नाना अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार, म्हणून दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे डहाणूचे चिटणीस गोविंदराव यांनी सहा महिने आधीच लेखी कळवलं होतं: सरलाबाईंना सगळं शिकवून तयार करा आणि काम कुठवर आलं ते दर महिन्याला कळवा. नाना न चुकता कळवत राहिले, 'शिकवणे चालू आहे.' शिकवलं मात्र काडीचं नाही. तिनं तीनदा विचारलं आणि तीनही वेळा नाना "बघू" म्हणाले. बायको गेलेली, मूलबाळ नाही, वरोरच्या घरात पुतण्यांचा संसार. ही पोर तयार झाली की आपल्याला कोण विचारतो, या धास्तीनं म्हातारा आतून पोखरला होता. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण त्यांच्याइतकी मनाला कुणी लावून घेतली नसेल.

एकसष्ट सालचा कार्तिक. गवतकापणी ऐन भरात होती आणि नानांचे तीनच आठवडे उरले होते. एका सोमवारी ते एस.टी.नं डहाणूला गेले. पोरगी अजून कच्ची आहे, हात कापतो तिचा, मला आणखी एक वर्ष ठेवा, असं त्यांनी गोविंदरावांना सांगितलं. गोविंदराव विचार करतो म्हणाले.

त्याच दुपारी लडक्या नावाच्या मजुराला गवत कापताना नाग चावला. बायको नवशी आणि दोघे भाऊ त्याला झोळीत घालून धावत आले. सरलानं दगडानं कपाटाचं कुलूप फोडलं. कुपीत पूड होती. पाणी घालून तिनं ती खळाखळा हलवली, तर नुसता फेस. दुसरीचीही तीच गत. तिसरी कशीबशी विरघळली, तोवर लडक्याचा हात गार पडत चालला होता आणि शीर सापडेना.

संध्याकाळी नाना गाडीतून उतरले तेव्हा लडक्या ओट्यावर झाकून ठेवलेला होता. पायाशी नवशी त्याचा विळा मांडीवर घेऊन बसली होती. नानांचा हात सवयीनं जानव्याकडे गेला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नानांना एक वर्ष मुदतवाढ आणि सरलाला नारळ. 'सहा महिने शिकवूनही तयार न झाल्यामुळे' असं कारण लिहिलं होतं, आणि पुरावा म्हणून नानांचीच सहा पत्रं. नानांनी कागद ओढला. 'मी तिला शिकवलेच नाही' एवढं लिहिलंही. मग कागद फाडून टाकला. त्यांना लाज वाटली, पण भीती लाजेहून मोठी निघाली.

निघायच्या दिवशी सरला ट्रंक दाराशी ठेवून आत आली.

"नाना, एकदा दाखवा. इथं नाही, पण दुसरीकडं कुठंतरी लागेल."

नानांनी मुदत संपलेली एक कुपी काढली. या खेपेला तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. पाणी काचेच्या कडेनं सोडायचं, कुपी हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून हळूच फिरवायची. पूड विरघळली. मग नानांनी बाही वर केली, दंडाला रबरी नळी बांधली आणि रिकाम्या सिरिंजनं टोचायला स्वतःचाच हात पुढं केला. सरलानं बोटानं शीर चाचपली. पहिल्याच खेपेला सुई नेमकी बसली आणि सिरिंजमध्ये रक्त चढलं. तिचा हात जरासुद्धा कापला नाही.

तिनं सुई काढली, कापूस दाबला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं झाली होती.

"एवढंच होतं, नाना?"

बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला आणि ती ट्रंक उचलून गेली. दंडाची नळी सोडायची राहून गेली आहे, हे हात काळानिळा पडेपर्यंत नानांच्या लक्षात आलं नाही.