पडलेला की सापडलेला

आकाशातून दगड पडला की तो आपल्याचसाठी पडला, असं प्रत्येकाला वाटतं. गेली बावीस वर्षं मी ह्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर उल्कापाषाण तपासते आहे. दर मंगळवारी दहा ते एक माझ्या खिडकीपुढे रांग लागते. कुणी दगड पिशवीतून आणतं, कुणी बाळाच्या दुपट्यात गुंडाळून. एक निवृत्त मॅनेजर तर थर्मासमध्ये घालून आले होते, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. यातले निम्मे दगड म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी असते, बाकीचे नदीतले गोटे. एकदा जळून कोळसा झालेला पाव निघाला. आणणारा म्हणाला, "पण बाई, तो पडला वरूनच." पडला असेल, वरच्या मजल्यावरून.

मी नाही म्हणते. बावीस वर्षांत साडेसहा हजार वेळा नाही म्हटलं असेल आणि हो म्हटलं चार वेळा. ऑफिसात माझं नाव नाहीबाई पडलंय. पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं, पण भिंती पातळ आहेत.

त्या मंगळवारी मी "सतरा नंबर" म्हणून पुकारलं आणि खिडकीत आत्या उभी राहिली. माझी सख्खी आत्या, वय एकाहत्तर, हातात टोकन, काखेत उशीच्या अभ्र्यात बांधलेला दगड.

"आत्या, अगं घरी सांगायचंस ना!"

"घरी तू विषय बदलतेस. आता बदलून दाखव. माझ्याकडे टोकन आहे."

विषय मी बदलत होते हे खरं. तो दगड आमच्या अख्ख्या खानदानाला माहीत आहे. दोन मुठींएवढा, पावणेदोन किलोचा, चाळीस वर्षं आत्याच्या झोपायच्या खोलीचं दार अडवून बसलेला. त्यात आहे तरी काय हे तपासायला माझी कधीच ना नव्हती, मला भीती होती ती निकाल सांगायची. कारण त्या दगडामागे आतोबांची एक थाप होती, आणि आतोबांच्या थापा मला लहानपणापासून पाठ होत्या.

आतोबा टाइपरायटर दुरुस्त करायचे. हाताला सोनं आणि तोंडाला कुलूप नाही, असा माणूस. एका मंत्र्याच्या टाइपरायटरमधून आपण जिवंत विंचू काढला, असं ते सांगायचे, आणि दर वेळी मंत्री वेगळा असायचा. रस्ता मात्र कधी कुणाला विचारायचे नाहीत. "मी आणि रस्ता चुकणार?" असं म्हणून छाती पुढे काढायचे. गेल्या वर्षी गेले. स्मशानातही मागे दोघंजण त्यांच्या थापा आठवून हसत होते, त्यातली एक मी.

पण ही थाप वेगळी होती. माझ्या आतेबहिणीचा जन्म झाला त्या दिवशीची. आत्याला सकाळीच कळा सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी तिला गाडीत घालून तासाभरावरच्या शहरातल्या दवाखान्यात नेलं आणि आतोबांना वर्कशॉपवर निरोप धाडला. साडेबाराला मुलगी झाली. आतोबा उगवले संध्याकाळी पाच वाजता, हातात हा दगड घेऊन. म्हणे निघणार तोच वर्कशॉपचा पत्रा फोडून हा आकाशातून टेबलावर पडला. इतका गरम की हातात धरवेना, म्हणून थंड होईपर्यंत थांबलो. मग पोलीस आले, पंचनामा झाला, मोटारसायकल पुरावा म्हणून ठेवून घेतली.

"आणि तुला पटलं?" मी विचारलं.

"पत्र्याला भोक होतं. मी बघून आले ना, चाळिसाव्या दिवशी."

"मग झालं की."

"भोकाच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या." आत्यानं दगड माझ्यापुढे सरकवला. "वरून पडला असता तर आत वळल्या असत्या. बाळंतीण होते गं मी, बावळट नव्हते."

मागे रांगेत अठरा नंबरवाल्यानं घसा खाकरला. आत्यानं नुसतं वळून बघितलं, तो गप्प झाला.

मग तिनं खिडकीत वाकून, तिच्या मते हळू आवाजात, चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. त्या दिवशी आतोबांच्या शर्टाला, पँटला, केसांनासुद्धा पांढरी पावडर होती. गावात टायपिंगचा क्लास चालवणारी एक बाई होती, गळ्यापर्यंत पावडर थापायची. तिची सगळी मशीनं आतोबाच दुरुस्त करायचे, आणि ती सारखी बिघडायची. आत्यानं एका शब्दानं कधी विचारलं नाही. ते जिवंत असताना दगड तपासला असता तर त्यांना कळलं असतं की बायकोचा विश्वास नाही.

"आता ते नाहीत. तू मला एवढंच सांग, हा पडला होता की नाही? पडला असेल तर मी मेल्यावर त्यांची माफी मागेन. नसेल पडला, तर मी तिकडं दार अडवायला मुलगी पडली होती तेव्हा हा माणूस होता कुठे?"

तिचं बोलणं असं कधीकधी घरंगळतं. पण डोळे भरले होते आणि मला फार वाईट वाटलं. मी पावती फाडली.

आमच्या कामाची गंमत अशी की सगळा निकाल एका अक्षरावर येतो. रजिस्टरमध्ये दोन रकाने आहेत. कुणीतरी पडताना पाहिला तर तो "पडलेला". नुसताच मिळाला, कधी पडला देव जाणे, तर तो "सापडलेला". जगभरात सत्तर हजारांवर उल्कापाषाण नोंदले गेलेत, त्यातले पडलेले जेमतेम तेराशे. बाकी सगळ्यांच्या मागे तो "सा" लागलेला. बहुतेक मिळतात ते वाळवंटात नाहीतर दक्षिण ध्रुवाच्या बर्फावर. तिथे ते जास्त पडतात म्हणून नव्हे, तिथे दिसतात म्हणून. आमच्या संग्रहालयाच्या बागेत पडला तर माळी त्याचा कुंडीला टेकू करील.

दुपारी मी दगड टेबलावर घेतला. आत्या स्टुलावर बसून राहिली, हलेना. दोऱ्याला टांगलेला चुंबक दगडाकडे झुकला. मळीकडेही झुकतो, म्हणून मी भुवई हलवली नाही. लादीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला, लोहखनिजाची उठते तशी काळी रेघ उठली नाही. एका कोपऱ्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या, त्या मी लिहून ठेवल्या.

"कापावा लागेल," मी म्हटलं. "वीस ग्रॅमचा तुकडा कायमचा इथे राहील, तसा नियम आहे."

"अख्खा घे. मला दगड नकोय, उत्तर हवंय."

करवतीनं कोपरा कापला, पाणी पुसलं आणि भिंग लावलं. चहाच्या रंगाच्या कापात मोहरीएवढे गोल दाणे होते, एकाला एक चिकटलेले. असे दाणे पृथ्वीवरच्या कुठल्याही दगडात होत नाहीत. ते साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे असतात, पृथ्वी व्हायच्या आधीचे. मी पुन्हा भिंग लावलं. मग चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा लावलं.

"हो," मी म्हटलं. बावीस वर्षांतला पाचवा हो.

आत्या स्टुलावरून उठली. "म्हणजे खरा?"

उल्कापाषाण तीन प्रकारचे: दगडी, लोखंडी आणि दगडी-लोखंडी. माणसांनाही एवढे प्रकार पुरेत असं माझं मत आहे. आतोबांच्या तिन्ही बहिणी तिसऱ्या प्रकारातल्या. हा दगडी होता, दाणेदार, ज्या गटाला आम्ही साधे कॉन्ड्राइट म्हणतो.

"साधे?" आत्या भडकली. "आकाशातून आला आणि साधा?"

"अगं, गटाचं नावच तसं आहे. शंभर पडले तर ऐंशीहून जास्त असेच असतात."

"ह्यांचं काहीच कधी धड निघालं नाही," ती म्हणाली, पण हसत होती. चाळीस वर्षं थापा मारणाऱ्या नवऱ्यानं एकदा तरी खरं सांगितलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला वाटलं, बाई, आता इथेच थांबावं. खुशाल "पडलेला" लिहावं आणि चहा मागवावा.

पण ताज्या पडलेल्या दगडात धातूचे कण नव्या सुईसारखे चकाकतात. ह्यात एकही चकाकत नव्हता. सगळ्या धातूचा गंज झालेला, भेगाभेगांतून तांबूस उतरलेला. कोरड्या घरात दार अडवून चाळीस वर्षांत असा गंज चढत नाही. त्याला हजारो वर्षं उघड्यावर पडून राहावं लागतं. आतोबांनी ज्याला गरम म्हटलं, तो थंड होऊन माणसाच्या शंभरएक पिढ्या झाल्या होत्या.

मी सांगितलं. दुसरं काय करणार? नाहीबाई ना मी.

आत्या अभ्र्याची घडी घालायला लागली, इतकी बारीक की शेवटी ती रुमालाएवढी झाली. "म्हणजे पावडरच," ती म्हणाली.

मला माझाच राग आला. तो दगडावर निघाला, मी दगड उचलून टेबलावर आपटला, तर खालच्या अंगाचा पांढरा पापुद्रा नखाएवढा उडाला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"भिंतीचा चुना. दाराजवळ असतो ना. खरवडून खरवडून थकले, जात नाही."

भिंतीचा चुना एका घासणीत जातो. मी पापुद्रा भिंगाखाली धरला. असा थर दगडाच्या फक्त खालच्या अंगाला चढतो, आणि तोही चुनखडीच्या कोरड्या जमिनीत तो अर्धा गाडलेला असला तरच.

"आत्या, तुमच्या गावापासून दवाखान्यापर्यंत अशी पांढरी जमीन कुठे आहे?"

"कोरडं तळं. पण रस्ता त्याला वळसा घालून जातो."

"आणि सरळ गेलं तर?"

"सरळ कोण जाईल? अकरा किलोमीटर नुसतं पांढरं. झाड नाही, खूण नाही. माणूस गोल गोल फिरत…" आणि ती थांबली.

बुधवारी ऑफिसची जीप घेऊन कोरड्या तळ्यावर गेले. तिथे तासभर चालले आणि एकही दगड दिसला नाही, खडासुद्धा नाही. गाळाचं तळं ते, त्यात दगड येणार कुठून? जो असेल तो वरूनच आलेला. परतले तेव्हा माझी चप्पल, सलवार, केस, सगळं पांढरं झालं होतं. खुरप्यानं खणून आणलेली माती तपासणीच्या मशीनमध्ये घातली. तिच्यातला चुना आणि दगडावरचा चुना एकच निघाला.

पुढच्या मंगळवारी आत्यानं पुन्हा टोकन घेतलं. नंबर चार.

मी तिला एकच विचारलं, "पुरावा म्हणून ठेवलेली मोटारसायकल परत कशी आली?"

"आठ दिवसांनी, ट्रकमधून." तिनं आठवायला डोळे मिटले. "चेन तुटलेली."

मग मी मातीची पुडी तिच्यापुढे ठेवली. तिनं बोटं घातली, चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला. पावडरीचा वास नव्हता. मी दगडाच्या कोपऱ्यावरच्या ठोकल्याच्या खुणा दाखवल्या. लवकर पोचायचं म्हणून ते वळसा सोडून सरळ घुसले. मध्येच चेन तुटली. पिन ठोकायला दगड शोधला, अख्ख्या तळ्यात एकच होता, तो हाती लागला. चेन काही जुळली नाही. मग भर उन्हात चालत निघाले आणि चुकले. दवाखान्यात शिरले तेव्हा दगड हातात तसाच होता.

"पाण्याचा अख्खा जग प्यायले होते," आत्या म्हणाली. "आल्या आल्या. मला काही म्हणाले नाहीत, मुलीला बघितलं नाही, आधी पाणी. मी तेव्हाच विचारलं, कुठं होतात? तर हातातल्या दगडाकडे बघितलं आणि सुरूच झाले." तिनं टेबलावर मूठ आपटली. "अरे माणसा, चुकलो म्हणायचं! एक शब्द! मी चाळीस वर्षं त्या बिचारीच्या हातचा चहा घेतला नाही!"

आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, रांगेदेखत. मीही रडले. पाच नंबरवाला आपला दगड घेऊन हळूच मागे सरकला.

फॉर्म भरायचा राहिला होता. उल्कापाषाणाला जवळच्या ठिकाणाचं नाव देतात, म्हणून नावाच्या रकान्यात मी "कोरडं तळं" लिहून नावं मंजूर करणाऱ्या समितीकडे पाठवायला ठेवलं. शोधणारा, आतोबा. तारीख, आतेबहिणीचा जन्मदिवस. प्रकार, सापडलेला. "सा" आत्यानं मला मोठा काढायला लावला.

शेवटचा रकाना "कसा मिळाला" असा असतो. लोक तिथे "शेत नांगरताना" किंवा "शोधमोहिमेत" लिहितात. मी लिहिलं, "दवाखान्याकडे जाताना, रस्ता चुकल्यामुळे."

आत्यानं फॉर्म उलटा करून स्वतःकडे वळवला आणि चष्मा चढवून वाचला.

"दवाखान्याकडे काय? बायकोकडे जाताना असं लिही."

हा सरकारी फॉर्म आहे, परदेशी समितीकडे जातो, त्यात खाडाखोड अजिबात चालत नाही. मी "दवाखान्याकडे" खोडलं, वर "बायकोकडे" लिहिलं आणि बाजूला सही केली.