आर्मंडचं नाक

एकवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात डब्यातले वाटाणे गरम केल्यावर माणसाला शेंगेतल्या वाटाण्याची किंमत कळते. म्हणून निवृत्त झाल्यापासून मी शनिवारचा बाजार चुकवत नाही. मे महिन्यात हिरवळीवर तंबू लागले की ऑक्टोबरात बर्फाची पहिली भुरभुर येईपर्यंत दर शनिवारी नऊच्या घंटेला मी तिथे उभी असते. आधी आंबट लाल देठांचा रुबार्ब आणि रानलसणाची पात, मग स्ट्रॉबेरी, मग मका, मग सफरचंदं. व्हरमाँटमध्ये कॅलेंडर भिंतीवर नसलं तरी चालतं, बाजारात फेरी मारली की महिना कळतो.

घंटा वाजवते विनी स्प्रेग. बाजार तिच्या ताब्यात आहे आणि नियमाला ती पक्की आहे. नऊच्या आधी काकडीसुद्धा कुणी कुणाला विकायची नाही. गेल्या वर्षी तिने खुद्द पाद्रीबुवांच्या हातून मधाची बाटली काढून परत टेबलावर ठेवली होती.

एवढा आवडीचा बाजार, पण यंदा मी तिथे जीव मुठीत धरून जात होते.

त्याचं कारण आर्मंड थिबो. आर्मंड अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. रानातलं आणून विकणारा आमच्या हार्लो फॉल्समध्ये तो एकटाच उरलाय. वसंतात रानलसूण, पावसाळी ऑगस्टपासून शँटरेल, म्हणजे पिवळीधमक रानअळंबी. मला रान दाखवलं ते त्यानेच, चाळीस वर्षांपूर्वी. माझा नवरा आणि त्याची रीटा मागे सँडविच खात बसायचे आणि आम्ही दोघं ओढ्याकाठी वाकलेले असायचो. आता ती दोघंही नाहीत.

रानलसणाची गंमत अशी, की त्याच्याच शेजारी, त्याच चिखलात, त्याच आठवड्यात हेलेबोर उगवतं. तेही तसंच हिरवंगार. फक्त पानाला उभ्या चुण्या असतात आणि पोटात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो, कधी कधी परत येत नाही. ओळखायची रीत म्हणजे पान चुरगळून हुंगायचं. पण तासभर पात खुडली की हातालाच लसणाचा इतका वास लागतो, की साधं गवत चुरगळलं तरी लसूणच वाटतं. नवशिके तिथेच फसतात. मुरलेला माणूस पान देठाशी मोडतो, हात लांब ठेवतो आणि नुसतं टोक नाकाशी नेतो. आर्मंड तर डोळे मिटून पात निवडायचा. "डोळे लबाड असतात गं लोर्ना, नाक कधी खोटं बोलत नाही," हे त्याचं पेटंट वाक्य.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी त्याच्याकडून एक जुडी घेतली. घरी येऊन अंड्यात घालायला धुवायला घेतली आणि एका पानाला चुण्या दिसल्या. हुंगलं. वास गवताचा. सगळी जुडी तशीच फेकून दिली.

म्हटलं, चुकून आलं असेल. पुढच्या शनिवारी नऊला पाच कमी असतानाच गेले. तो ट्रकच्या मागे बसून कॉफी पीत होता. मी जवळ गेले आणि माझं तोंड वाकडं झालं. त्याच्या कॉफीतलं दूध इतकं नासलं होतं की मला हातभरावरून वास आला. आणि हा गडी चवीने घोट घेत होता! फेब्रुवारीत त्याला मोठा ताप येऊन गेला होता. मग सगळं लख्ख कळलं. आर्मंडचं नाक गेलं होतं.

"काय गं, भूत बघितलंस का?" तो म्हणाला. "बरी आलीस. मला तुझ्याशी जरा..."

तेवढ्यात घंटा वाजली. मी ऐकून घेतलंच नाही. टेबलावरच्या नऊच्या नऊ जुड्या उचलून पिशवीत कोंबल्या.

"अगं, एवढ्याचं करणार काय?"

"लोणचं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पैसे खिशात टाकले. मी घरी जाऊन सगळी पात शेणखताच्या ढिगात पुरली.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं ना बाई. सांगायला सोपं आहे. पर्ली स्टोन विकायचा त्या सफरचंदाच्या सायडरने एकदा, पंचवीस वर्षांपूर्वी, दोघांची पोटं बिघडली. पर्ली मेला तरी त्याच्या नातवाला अजून गावात 'जुलाब्या' म्हणतात. आमच्या गावात मालावर एकदा डाग पडला की तो थडग्यापर्यंत जातो. आणि आर्मंडकडे आता राहिलं होतं काय? एक ट्रक, एक कुत्रं आणि शनिवार. त्याच्या हातून शनिवार काढून घ्यायला माझी जीभ रेटेना. विनीला सांगितलं असतं तर तिने पाच मिनिटांत त्याचं टेबल बंद केलं असतं. म्हणून मी ठरवलं, झाकली मूठ राहू दे. त्याचा सगळा माल मीच घ्यायचा. मग कुणाच्या ताटात काही जायचा प्रश्नच नाही.

रानलसूण महिनाभरच असतो. मे संपला तेव्हा मी देवाचे आभार मानले. जून-जुलै आर्मंड आपला रुबार्ब आणि रास्पबेरी विकत होता. रास्पबेरीने अजून कुणी मेलेलं नाही. ते दोन महिने मी बाजार खरा उपभोगला. स्ट्रॉबेरी तिथेच उभ्या उभ्या खाल्ल्या, बोटं लाल झाली. बेकरीवालीशी बटरवरून भांडले. पहिला मका आला त्या दिवशी बारा कणसं एकटीने नेली आणि त्यातली चार त्याच संध्याकाळी संपवली.

ऑगस्टात चार दिवस झड लागली आणि माझी झोप उडाली. शनिवारी आर्मंडच्या टेबलावर शँटरेलच्या दोन टोपल्या होत्या.

शँटरेलला जर्दाळूचा वास येतो. तिच्यासारखंच दिसणारं एक नारिंगी अळंबं कुजक्या खोडांवर येतं, त्याला आम्ही जॅक म्हणतो. त्याने जीव जात नाही म्हणतात, पण दोन दिवस माणूस न्हाणीघरातून बाहेर येत नाही. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर काय होईल, हे मला डोळ्यांपुढे दिसायचं. मी पुन्हा घंटेला पहिली, पुन्हा सगळ्या टोपल्या माझ्या. "वाळवते," आता मी सांगायचे. घरी निवडून पाहिलं तर कधी सगळी चांगली असायची, कधी त्यात दोन-तीन जॅक. चांगलीही माझ्या घशाखाली उतरेनात. सगळी ढिगातच गेली.

शेजारच्या टेबलावर मध विकणारी बर्निस सगळं बघत होती. तिच्या जिभेला हाड नाही.

"लोर्ना, लग्नाची तारीख काढलीत की नाही अजून?"

"तुला बोलावणार नाहीये, तू काळजी करू नकोस."

"अगं, एवढी अळंबी खाऊन तुला पंख फुटतील! आम्हाला चाखायला तरी ठेव की चार."

"तुझा मध खा तू," मी म्हणायचे आणि पिशव्या घेऊन पळायचे. हसण्यावारी न्यायचे, पण दर शुक्रवारी संध्याकाळपासून एकच घोर लागायचा. मी आजारी पडले तर? गाडी सुरू झाली नाही तर?

आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी नेमकं तेच झालं. मेपलची पानं लाल व्हायला लागली की शहरातली माणसं ती बघायला येतात. तसं यायला हरकत नाही. पण त्या दिवशी नदीकाठच्या अरुंद रस्त्यावर सहा गाड्या आडव्यातिडव्या उभ्या करून मंडळी झाडांचे फोटो काढत होती. मी हॉर्न वाजवला. एका बाईने मला हात केला, माझाही फोटो काढला. घड्याळात नऊला दहा कमी, मग नऊ, मग नऊ पाच.

हिरवळीवर पोचले तेव्हा नऊ वीस झाले होते. आर्मंडचं टेबल रिकामं होतं आणि तो नुसता फुलला होता.

"आज तुझा नंबर हुकला बाई! दहा मिनिटांत साफ. रांग लागली होती, रांग!"

टोपलीच्या तळाशी एक तुकडा राहिला होता. मी तो उचलला आणि मोडला. शँटरेल आतून पांढरी असते. हा तुकडा आतूनही नारिंगी होता. नाकाशी नेला. जर्दाळूचा मागमूस नाही.

"कुणाकुणाला दिलीस?"

"का गं?"

"आर्मंड, कुणाला दिलीस ते सांग!" मी ओरडलेच. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

त्याचा चेहरा उतरला. "विनीला. बर्निसला. आणि एक जोडपं होतं, बाहेरगावचं. कडेवर पोरगी, लाल टोपी."

मी विनीकडे धावले. तिला बाजूला घेऊन हळू सांगायचं माझ्या मनात होतं, पण धाप लागली होती आणि शब्द मोठ्यानेच आले. "आर्मंडची अळंबी खाऊ नका. त्यात जॅक आहेत." विनीने एक शब्द विचारला नाही. घंटा घेतली आणि वाजवायला लागली. भर बाजारात, साडेनऊला. सगळे गप्प झाले. तिने माझंच वाक्य खणखणीत आवाजात परत म्हटलं, आर्मंडच्या नावासकट. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

बर्निसने मधाच्या बाटल्यांमागून तिची पिशवी काढून दिली. लाल टोपीवाली पोरगी कुठे दिसेना. मी चर्चमागच्या गाड्यांकडे पळाले. माझा डावा गुडघा गेली चार वर्षं पळालेला नाही, पण त्या दिवशी पळाला. एक निळी गाडी नुकतीच वळत होती, मागच्या काचेत लाल टोपी. मी सरळ समोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर आपटले.

तरुण नवऱ्याने काच खाली केली. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"ती अळंबी द्या. विषारी आहेत."

त्याच्या बायकोने पिशवी छातीशी धरली. मी काहीतरी लुबाडायला आलेय असं तिला वाटलं असावं. "पण ती मधवाली म्हणाली, ही इथली सगळ्यात भारी. म्हणाली, गावात रानातलं कळणारी एक बाई आहे, ती दर आठवड्याला सगळीच्या सगळी उचलते, कुणाला मिळूच देत नाही. आज ती आली नाहीये, लगेच घ्या."

"ती बाई मीच," मी म्हटलं.

मग पिशवी खिडकीतून बाहेर आली. मागे पोरगी बिस्किट चघळत होती. मी चर्चच्या पायरीवर टेकले. ती रांग माझ्यामुळे लागली होती. पाच महिने मी ज्या मालापासून गावाला वाचवत होते, त्याच मालाची मी जाहिरात करत होते.

परत आले तेव्हा आर्मंडच्या टेबलाभोवती कुणी नव्हतं. आजूबाजूचे सगळे आपापल्या भोपळ्यांमध्ये फारच गुंतल्यासारखं दाखवत होते. तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता, टोपी हातात घेऊन.

"मिळाली का ती?" त्याने विचारलं.

"मिळाली. कुणी खाल्लं नाही."

त्याने डोळे मिटले, उघडले. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मेपासून."

"मला मार्चपासून," तो म्हणाला. "टोस्ट जळून कोळसा झाला आणि धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं."

माझं डोकंच फिरलं. "आणि तरी तू विकत राहिलास? लोकांची पोरंबाळं खातात, आर्मंड! लाज नाही वाटली?"

"वाटली की. पहिला शनिवार कसातरी काढला आणि आठवडाभर झोपलो नाही." तो टोपीची कड बोटांनी चाचपत होता. "दुसऱ्या शनिवारी ठरवून आलो होतो. म्हटलं, लोर्नाचं नाक चांगलं आहे, तिला सांगू, बाई, विकायच्या आधी एवढं हुंगून दे, दर शनिवारी. नाही म्हणाली तर टेबल गुंडाळू. आणि तू घंटा वाजताच नऊच्या नऊ जुड्या उचलल्यास. मला वाटलं, लोर्ना एवढी नेतेय म्हणजे माल चोख आहे. नाक गेलं तरी हाताला अजून ओळख आहे आपल्या. तुझ्या भरवशावर विकत होतो मी."

मला रडू फुटलं, भर बाजारात. राग त्याचा की माझा तेही कळेना.

"अरे, मग विचारायचंस ना मला!"

"विचारत होतो," आर्मंड म्हणाला. "तू थांबलीस कुठे?"